फाशाला आठवण नसते

सापशिडी खेळणाऱ्या मुलांजवळ थोडा वेळ बसले, की एक वाक्य हमखास कानावर येते. "तीनदा एक पडला, आता सहा पडणारच!" सापशिडीत या वाक्याने कुणाचे काही बिघडत नाही. तिथे खेळणाऱ्याला काही ठरवायचेच नसते. दान पडेल तितकी घरे पुढे जायचे, शिडी आली तर चढायचे आणि साप आला तर उतरायचे. पण दान पाहून पुढची चाल ठरवायची असेल, तर मात्र ते वाक्य खरे की खोटे याला महत्त्व येते.

गेल्या काही महिन्यांत आमच्या घरी असे ठरवायला लावणारे दोन बैठे खेळ आले : 'कॅटान' आणि 'पँडेमिक'. बाजारात दोन्ही बऱ्याच वर्षांपासून आहेत, आमच्याकडे मात्र नवे. एकात नशीब येते ते फाशांतून, दुसऱ्यात पत्त्यांतून. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात संभाव्यतेतील एक महत्त्वाची कल्पना त्या फरकात दडलेली आहे आणि ती मुलांना हाताने करून दाखवता येते. म्हणून या दोन खेळांविषयी.

कॅटान : दोन फासे आणि अठरा आकडे

कॅटान हा खेळ जर्मनीतील क्लाउस टॉयबर यांनी तयार केला. ते व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते. खेळ १९९५ साली बाजारात आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतील 'वर्षाचा खेळ' हा मानाचा पुरस्कार मिळाला. टॉयबर २०२३ साली वारले.

खेळात एक बेट असते. ते १९ षटकोनी तुकडे जोडून तयार करायचे. तुकडे दर वेळी वेगळ्या क्रमाने मांडता येत असल्याने बेटही दर वेळी नवे होते. त्यातला एक तुकडा वाळवंटाचा असतो. उरलेल्या १८ तुकड्यांतून लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज यांपैकी काहीतरी मिळते. या १८ तुकड्यांवर २ ते १२ पर्यंतचे आकडे ठेवतात, फक्त ७ वगळून. २ आणि १२ हे आकडे एकेकदाच येतात, बाकीचे दोन-दोनदा.

ज्याची पाळी असेल तो दोन फासे टाकतो. बेरीज ८ आली, तर ८ आकड्याच्या तुकड्यांना लागून ज्यांची ज्यांची गावे आहेत त्यांना तिथला माल मिळतो. बेरीज ७ आली तर कुणालाच काही मिळत नाही. उलट, ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पाने असतील त्याला निम्मी परत करावी लागतात. मिळालेल्या मालातून रस्ते आणि गावे बांधायची, नको असलेला माल दुसऱ्याशी बदलायचा आणि सर्वांआधी १० गुण मिळवायचे, असा एकूण खेळ.

मग गाव वसवायचे कुठे? दोन फाशांच्या बेरजा सारख्या वेळा येत नाहीत, हे आपण वर्गात शिकवतोच. एकूण ३६ प्रकार. त्यांपैकी २ ही बेरीज एकाच प्रकाराने येते, ३ दोन, ४ तीन, ५ चार, ६ पाच आणि ७ सहा प्रकारांनी. पुढे पुन्हा उतरण : ८ पाच, ९ चार, १० तीन, ११ दोन आणि १२ एका प्रकाराने. आताच्या संचांत प्रत्येक आकड्याखाली तितके ठिपके छापलेले असतात, म्हणजे ६ आणि ८ खाली पाच, २ आणि १२ खाली एक.

गाव तीन तुकड्यांच्या कोपऱ्यावर वसते. समजा, एका कोपऱ्यावर ५, ६ आणि ९ हे आकडे आहेत. तिथे दर फेकीला काहीतरी मिळण्याची संभाव्यता ४ + ५ + ४, म्हणजे ३६ पैकी १३. दुसऱ्या कोपऱ्यावर २, ११ आणि १२ आहेत. तिथे ती १ + २ + १, म्हणजे ३६ पैकी ४. ठिपके मोजता येणाऱ्या चौथीतल्या मुलालाही पहिला कोपरा चांगला हे लगेच कळते. संभाव्यतेची इतकी सोपी ओळख मी क्वचितच पाहिली आहे.

अडचण येते ती पुढे. खेळ अर्ध्यावर आला आहे आणि वीस फेकींत ८ एकदाही पडलेला नाही. आता नवे गाव वसवायचे आहे. एक खेळाडू म्हणतो, "आठ खूप दिवस पडला नाही, आता पडणारच. मी आठजवळ बांधतो." दुसरा म्हणतो, "आज आठ पडतच नाही, मी तिकडे जाणार नाही." दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट आहेत, पण गृहीत एकच : फाशाला मागचे काहीतरी लक्षात आहे.

फासा हा प्लॅस्टिकचा तुकडा. आधी काय पडले याची नोंद त्याच्यात कुठेही होत नाही. एकविसाव्या फेकीला ८ पडण्याची संभाव्यता ३६ पैकी ५ आहे. पहिल्या फेकीलाही ती तेवढीच होती. अशा घटनांना आपण स्वतंत्र घटना म्हणतो.

मग सरासरी जुळते कशी?

इथे हुशार विद्यार्थी एक रास्त शंका काढतो. "सर, पुष्कळ वेळा फासे टाकले की ८ चे प्रमाण ३६ त ५ च्या जवळ येते, असे तुम्हीच सांगितले. मग आधी कमी पडलेले ८ नंतर जास्त पडायला नकोत का? नाहीतर हिशेब जुळणार कसा?"

या शंकेचे उत्तर आकड्यांतच देणे चांगले. समजा, पहिल्या ३६ फेकींत ८ एकदाही पडला नाही. म्हणजे अपेक्षेपेक्षा पाच कमी. यानंतर आपण आणखी ३६०० वेळा फासे टाकले. त्यांत ८ सुमारे ५०० वेळा अपेक्षित आहे. पाचशे पाच वेळा नव्हे, पाचशेच. एकूण ३६३६ फेकींत ५०० वेळा म्हणजे १३.७५ टक्के. अपेक्षित प्रमाण १३.८९ टक्के. दोन्ही जवळजवळ सारखे झाले. पाचांची तूट भरून निघाली नाही, ती आहे तिथेच आहे. मोठ्या संख्येपुढे ती नगण्य ठरली, इतकेच. माठभर पाण्यात थेंबभर शाई टाकली तर शाई नाहीशी होत नाही, पण रंगही दिसत नाही, तसे हे.

ही गोष्ट न समजल्याने माणसे कशी फसतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९१३ साली मोंटे कार्लोच्या जुगारगृहात एका चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला. जसजसा काळा येत गेला, तसतसे लोक अधिकाधिक पैसे तांबड्यावर लावत गेले. आता तांबडा यायलाच हवा अशी त्यांची खात्री होती. चक्राला अर्थातच ते माहीत नव्हते.

फाशांऐवजी पत्ते घेतले तर

कॅटानसाठी ३६ पानांचा एक वेगळा संच मिळतो. फाशांच्या ३६ प्रकारांप्रमाणेच त्यांवर बेरजा छापलेल्या असतात : २ चे एक पान, ३ ची दोन, ७ ची सहा आणि याप्रमाणे पुढे. फासे टाकण्याऐवजी वरचे पान उलटायचे आणि उलटलेले पान बाजूला ठेवायचे.

पहिल्या पानापुरता फासे आणि पत्ते यांत काहीच फरक नाही. ८ येण्याची संभाव्यता ३६ पैकी ५ च आहे. आता समजा, वीस पाने उलटली आणि त्यांत ८ एकदाही आला नाही. उरलेल्या सोळा पानांत ८ ची पाचही पाने शिल्लक आहेत. म्हणजे संभाव्यता १६ पैकी ५ झाली, आधीच्या दुपटीहून जास्त. इथे 'आता आठ येणारच' म्हणणाऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे. उलट, पाचही आठ येऊन गेले असतील तर पुन्हा पाने पिसेपर्यंत ८ येणे शक्यच नाही.

गड्डीला आठवण असते ती अशी. ती कुठल्या गूढ शक्तीत नाही, बाजूला पडलेल्या पानांच्या ढिगात आहे. ज्याने तो ढीग लक्षात ठेवला, त्याचा अंदाज इतरांपेक्षा चांगला ठरतो.

खेळ बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून या संचात 'नवे वर्ष' नावाचे एक जादा पान आहे. ते तळातल्या पाच पानांच्या वर ठेवतात आणि ते निघाले की सगळी पाने पुन्हा पिसतात. तळाची पाच पाने कधीच उलटली जात नाहीत, त्यामुळे शेवटी काय उरले आहे हे कुणालाही पक्के सांगता येत नाही. वर्गात विचारण्याजोगा प्रश्न : हे पान नसते तर शेवटच्या पाच-सहा पाळ्यांत काय झाले असते?

पँडेमिक : पत्त्यांच्या आठवणीवर चालणारा खेळ

अमेरिकेतील मॅट लीकॉक यांचा 'पँडेमिक' हा खेळ २००८ साली आला. इथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. सगळे एका बाजूला, रोगांच्या साथी दुसऱ्या बाजूला. एकतर सगळे जिंकतात, नाहीतर सगळे हरतात. लहान भावंडे रुसून उठण्याचा प्रसंग त्यामुळे बराच टळतो.

पटावर जगाचा नकाशा आणि ४८ शहरे. त्यांत आपली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई आहेत. प्रत्येक शहराचे एक पान असते. पान निघाले की त्या शहरावर रोगाचा एक ठोकळा ठेवायचा. एका शहरावर तीन ठोकळे मावतात. चौथा ठेवण्याची वेळ आली की उद्रेक होतो, म्हणजे शेजारच्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा जातो. मुंबईचा उद्रेक झाला तर कराची, दिल्ली आणि चेन्नईला झळ लागते. दिल्लीत आधीच तीन ठोकळे असतील तर तिचाही उद्रेक होतो आणि साखळी पुढे जाते. एकूण आठ उद्रेक झाले की खेळ संपला, सगळे हरले.

सुरुवातीला नऊ शहरांची पाने काढून त्यांवर ठोकळे मांडतात. त्यानंतर प्रत्येक पाळीला दोन पाने निघतात. निघालेले पान बाजूला पडते, म्हणजे ते शहर काही काळ सुरक्षित. आतापर्यंत सगळे तंबोल्यासारखेच झाले.

लीकॉक यांची कल्पकता पुढे दिसते. मधूनच 'महासाथी'चे पान येते. ते आले की शहरांच्या गड्डीतले सर्वांत तळाचे पान काढायचे, त्या शहरावर एकदम तीन ठोकळे ठेवायचे, आणि बाजूला पडलेली सगळी पाने पिसून गड्डीच्या *वर* ठेवायची. तळाला नाही, वर.

याचा परिणाम मोजून पाहू. समजा, तीन पाळ्या पूर्ण झाल्या आणि चौथ्या पाळीत महासाथ आली. सुरुवातीची ९ पाने, तीन पाळ्यांची ६ आणि तळाचे १ मिळून १६ पाने पिसून वर गेली. उरलेली ३२ त्यांच्याखाली. लगेच दोन पाने काढायची आहेत. या १६ शहरांपैकी प्रत्येकाची पाळी येण्याची संभाव्यता २/१६, म्हणजे १/८. त्या वेळी सुटलेल्या शहराची पुढच्या पाळीत १/७, मग १/६, १/५. नवी महासाथ आली नाही तर आठव्या पाळीपर्यंत सोळाही शहरे पुन्हा बाधित होणार हे निश्चित. त्याच काळात खालच्या ३२ शहरांचा धोका शून्य.

तळातून आलेल्या शहराचा विचार करा. त्यावर आधीच तीन ठोकळे आहेत आणि त्याचे पान वरच्या सोळांत आहे. त्याच पाळीत उद्रेक होण्याची शक्यता आठात एक. खेळाडूंनी आधी कुठे धावायचे हे इथे नशिबावर सोडावे लागत नाही. बाजूच्या ढिगात काय होते हे ज्यांनी पाहिले, त्यांना ते हिशेबाने ठरवता येते.

खऱ्या साथीची ही हुबेहूब प्रतिकृती नव्हे. रोगातून बऱ्या झालेल्यांची प्रतिकारशक्ती यात नाही, लोकसंख्या नाही, ऋतू नाहीत. पण जिथे रोग नुकताच होऊन गेला तिथे तो पुन्हा डोके वर काढू शकतो, हे सूत्र तीन ओळींच्या नियमात बसवले आहे. २०२० नंतर आपल्या विद्यार्थ्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वर्गात करून पाहा

हे खेळ स्वस्त नाहीत आणि प्रत्येक शाळेने ते विकत घ्यावेत असा आग्रहही नाही. त्यांतली कल्पना जुन्या लग्नपत्रिका कापूनही शिकवता येते.

१. लग्नपत्रिकांच्या ३६ चिठ्ठ्या करा आणि वर दिलेल्या प्रमाणात त्यांवर २ ते १२ हे आकडे लिहा. एका गटाने दोन फासे २४ वेळा टाकावेत. दुसऱ्या गटाने २४ चिठ्ठ्या काढाव्यात, काढलेली चिठ्ठी परत टाकू नये. दोन्ही याद्या नाव न सांगता फळ्यावर लिहा आणि इतरांना ओळखायला सांगा. १२ दोनदा आलेली यादी फाशांचीच असणार. का, हे त्यांनाच सांगू द्या. मोठ्या वर्गांसाठी आणखी एक : ३६ फेकींत १२ एकदाही न येण्याची संभाव्यता सुमारे ०.३६ आहे. चिठ्ठ्यांच्या ३६ खेचींत ती किती?

२. निम्म्या मुलांनी नाणे खरोखर १०० वेळा उडवून छापा-काटा लिहावे. उरलेल्यांनी नाणे न उडवता मनानेच १०० निकाल लिहावेत. नंतर प्रत्येक यादीत सर्वांत लांब सलग मालिका शोधा. खऱ्या नाण्याच्या १०० फेकींत कुठेतरी सलग पाच छापे किंवा पाच काटे येण्याची संभाव्यता सुमारे ९७ टक्के आहे. मनाने लिहिणारी मुले सहसा इतक्या लांब मालिका लिहायला धजत नाहीत.

३. चल्लस खेळायला घासलेला चिंचोका घ्या आणि १०० वेळा टाका. पांढरी बाजू ५० वेळाच येईल असे नाही, चिंचोका एका बाजूला झुकणारा असू शकतो. पण झुकणे वेगळे आणि आठवण ठेवणे वेगळे. पांढऱ्यानंतर पांढरे किती वेळा आले आणि काळ्यानंतर पांढरे किती वेळा आले, त्यांची प्रमाणे काढून दोन्ही ताडून पाहा.

४. आपल्या तालुक्यातील बारा गावांचा आणि रस्त्यांचा नकाशा पुठ्ठ्यावर काढा. बारा चिठ्ठ्यांवर गावांची नावे लिहा. रोगाच्या ठोकळ्यांऐवजी चिंचोके. सुरुवातीला तीन चिठ्ठ्या काढून त्या गावांवर दोन-दोन चिंचोके ठेवा. प्रत्येक पाळीला खेळाडूने चार कामे करावीत. शेजारच्या गावी जाणे हे एक काम, आहे त्या गावातला एक चिंचोका उचलणे हे एक काम. मग दोन चिठ्ठ्या काढून त्या गावांवर एकेक चिंचोका ठेवा. तीन पाळ्या झाल्या की तळाची चिठ्ठी काढून त्या गावावर तीन चिंचोके ठेवा आणि निघालेल्या सगळ्या चिठ्ठ्या पिसून वर ठेवा. आता वर दहा चिठ्ठ्या आहेत. त्यांतल्या प्रत्येक गावाचा धोका या पाळीला १/५, सुटल्यास पुढच्या पाळीला १/४, मग १/३. दर पाळीला "आता कुठे उभे राहावे आणि का?" हे मुलांना बोलून दाखवायला सांगा.

खेळाबाहेर

हा सगळा खटाटोप खेळात जिंकण्यापुरता असता तर तो इतका सविस्तर मांडण्याचे कारण नव्हते. जगताना आपल्यासमोर कधी फासा असतो, कधी गड्डी. कोणते काय हे ओळखता आले नाही की निर्णय चुकतात.

आपल्या समाजातील एक उदाहरण शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. "तिन्ही मुलीच झाल्या, आता चौथा मुलगाच होणार." हे बोलणे सापशिडीतल्या मुलाच्या बोलण्यासारखेच आहे. अपत्याचे लिंग वडिलांच्या शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर ठरते आणि दर गर्भधारणेला ही फेक जवळजवळ नव्याने होते. आधीच्या तीन मुलींची नोंद ठेवणारी कुठलीही गड्डी शरीरात नाही. चौथ्या वेळी मुलगा होण्याची शक्यता पहिल्या वेळेइतकीच, म्हणजे निम्म्याच्या अगदी थोडी वर राहते. मोठ्या पाहण्यांत काही कुटुंबांत जो थोडासा कल दिसला आहे तोही पुन्हा त्याच लिंगाचे अपत्य होण्याकडे आहे, पारडे समतोल करण्याकडे नाही. या एका गैरसमजापायी किती स्त्रियांना नको असलेली बाळंतपणे सोसावी लागली असतील! ज्या घरात हे बोलले जाते त्याच घरातली मुलगी आपल्या वर्गात बसलेली असते, हे लक्षात ठेवून हा विषय जपून, पण स्पष्टपणे मांडावा.

दुसरे उदाहरण पुराचे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हे शब्द ऐकून पुष्कळांना वाटते, की एकदा येऊन गेला म्हणजे शंभर वर्षांची निश्चिंती. ही गड्डीची समजूत झाली. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की एवढा मोठा पूर येण्याची संभाव्यता दर वर्षी १/१०० आहे. पूर येऊन गेल्याच्या पुढच्या वर्षीही ती १/१०० च असते. या हिशेबाने शंभर वर्षांत असा पूर एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आणि दोन किंवा अधिक वेळा येण्याची सुमारे २६ टक्के निघते. कोल्हापूर-सांगलीकरांनी २०१९ चा महापूर पाहिला आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा पाण्यात उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. शिवाय हवामान बदलत असेल तर फासाच हळूहळू वेगळा होत जातो, आणि मग १/१०० हा आकडाही पुन्हा तपासावा लागतो.

शेवटी वर्गासाठी काही प्रश्न. प्रत्येकात फासा आहे की गड्डी, की दोन्हींचे मिश्रण, हे मुलांनी कारणांसह सांगावे.

फळा कोणी पुसायचा हे ठरवायला बाई रोज डब्यातून एक चिठ्ठी काढतात आणि ती परत डब्यात टाकतात. परत टाकली नाही तर?

सलग पाच नाणेफेकी हरलेला कर्णधार सहाव्या वेळी नाणे उडवतो आहे.

एका वर्गात गोवराची साथ येऊन गेली. पुढच्या वर्षी त्याच मुलांना गोवर होण्याची शक्यता आधीइतकीच आहे का? शाळेत नव्याने आलेल्या, लस न घेतलेल्या मुलांचे काय?